सात नंबरचा डबा

पुणे, ९ ऑगस्ट २०२३

चि. विश्राम,

अनेक आशीर्वाद. तुमच्या वाड्यावर फोन लागत नाही, आणि लागला तरी तू "व्हय बाई, व्हय बाई" याच्या पुढे जात नाहीस. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर बोललेलं कुणी पुरावा म्हणून धरत नाही. इथून पुढे जे काय सांगायचं ते कागदावर, तारीख घालून. कोळवणच्या गाडीवरच्या सोमनाथ कंडक्टरशी बोलून ठेवलं आहे. त्याच्याकडे डबा आणि चिठ्ठी दिलीस की स्टँडवरून मी मागवून घेईन.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतो, डोंगर विसरा. त्याच्या बापाचं काय जातं! चौदा वर्षं तुझ्या मागोमाग कुंभ्याच्या झाडांची ती डोंगराची सोंड चढले, आता घराचा जिना चढताना कठडा धरावा लागतो.

सोंडेचं तुला माझ्याआधी कळलं असेलच. प्लॉटिंगवाल्यांनी खालपासून वरपर्यंत घेतली. तुमच्या शेळ्या चार पिढ्या तिथं चरतात, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी विचारणार नाही. मी हरकत घेतली आहे. नोव्हेंबरात सुनावणी आहे. साहेब मला म्हणाले, "बाई, झाडं काय सगळीकडेच असतात. इथंच काय आहे ते दाखवा."

ते दाखवण्यासाठी तू हवास. २००९ साली तुमच्या ओट्यावर आपण पांढरी चादर बांधून दिवा लावला होता आणि एक राखाडी पतंग येऊन बसला होता, आठवतो? मागच्या पंखावर तांब्याच्या रंगाची कोर होती. पुस्तकात त्याला मोठं लॅटिन नाव आहे. मी वहीत त्याला तांबकोर म्हणते. त्याची अळी कशी असते, कुठला पाला खाते, हे आजवर कुणालाही ठाऊक नाही. पतंगाचं काय, तो उडत कुठूनही येतो. पण अळी जिथं खाते तिथलीच असते. ती सोंडेवर मिळाली तर सोंड वाचायची आशा आहे.

काम सोपं आहे आणि त्यात हयगय चालणार नाही. एका डब्यात एकच अळी. डब्यावर नंबर. कुठल्या झाडावर, कुठल्या दिवशी मिळाली ते लिहायचं. रोज तोच ताजा पाला घालायचा. अळीचा कोष होईल, कोषातून पतंग निघेल, तोवर डबा आणि नंबर बदलायचा नाही. डब्यातून जे निघेल ते त्या अळीचं. माझं वय एकाहत्तर आहे. यंदा नाही मिळाली तर मी वही बंद करणार आहे.

तुझी,
शरयू चांदोरकर


धनगरवाडा, कोळवण, १७ ऑगस्ट २०२३

आदरणीय बाईंस विश्रामचा नमस्कार.

पत्र मिळाले. गुडघ्याला जपा. सोमनाथकडे चार डबे दिले आहेत. एक आणि दोन नंबर करवंदीवरच्या आहेत, त्या केसाळ आहेत, हात लावू नका, खाज सुटते. तीन आणि चार कुंभ्यावरच्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्या, अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळे ठिपके. शेळ्या त्या फांदीला तोंड लावत नाहीत म्हणून माझे लक्ष गेले.

आबांना तुमचे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाईला म्हनावं, अळ्या न्ह्या, किती बी न्ह्या. पन सोंड तेवडी राखा. शेरडं कुटं न्यायची आमी?" बाई, ते हसून बोलले पण रात्री जेवले नाहीत. खाली रस्त्यासाठी चुन्याच्या रेघा मारल्या आहेत.

माझे अक्षर वाईट आहे, समजून घ्या.

आपला,
विश्राम


पुणे, ४ सप्टेंबर २०२३

चि. विश्राम,

तुझं अक्षर माझ्या डॉक्टरपेक्षा बरं आहे. पण तुझ्या सोमनाथला अक्कल नाही. डबे इंजिनापाशी ठेवले. चारातल्या तीन अळ्या शिजल्या. चौथी आठ दिवस जगली आणि गेली.

तेव्हा आता तूच वाढव. घरात, सावलीत, मुंग्या लागणार नाहीत असं टांगून. रेश्मा कुरकुर करेल, बायकोचा तो हक्कच आहे, पण तिला सांग, बाईंचं काम आहे. कुंभ्यावरच्या हिरव्या ठिपकेवालीवर माझा डोळा आहे. ती मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नाही. दहा-बारा तरी धर.

पतंग निघताना बघायला मिळाला तर भाग्य समज. आधी ओला, चुरगळलेला असतो, फडक्यासारखा. मग उलटा लटकतो आणि तासाभरात पंख ताठ होतात. त्या वेळी त्याच्या अंगावरचा कणही झडलेला नसतो. कोष जिवंत की मेलेला हे कळायला कानाशी धरून हळूच हलवायचा. खुळखुळला तर आतला जीव वाळला म्हणून समजायचं. पतंग निघून गेलेला कोष पिसासारखा हलका असतो आणि काहीही वाजत नाही.

सुनावणी २० नोव्हेंबरला आहे. मधे दसरा-दिवाळी जाईल. मी रोज देव्हाऱ्याऐवजी कॅलेंडरपुढे उभी राहते आहे. विश्राम, मला हसू नकोस, पण नवरा गेला तेव्हाही मी इतकी कासावीस नव्हते. तो आजारी होता, जाणार हे ठाऊक होतं. इथं काहीच ठाऊक नाही.

शरयूबाई


धनगरवाडा, १४ ऑक्टोबर २०२३

आदरणीय बाईंस नमस्कार.

सात नंबरच्या डब्यात पतंग निघाला. राखाडी आहे. मागच्या पंखावर कोर आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागदाच्या त्रिकोणी पाकिटात घातला आहे. सोबत कोष आहे. अळी कुंभ्यावरची, हिरवी, ११ सप्टेंबरला धरलेली.

सोमनाथला मांडीवर घेऊन बसायला सांगितले आहे.

आपला,
विश्राम


पुणे, १७ ऑक्टोबर २०२३

माझ्या शहाण्या विश्राम,

काय लिहू? पाकीट उघडलं आणि खुर्चीत बसून रडले. शेजारच्या वैद्यबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं. तांबकोरच आहे, काही शंका नाही. चौदा वर्षं! आणि ती अळी आपण शंभर वेळा कुंभ्यावर बघून पुढे गेलो असू.

आता घाई आहे. लेख लिहायला घेतला आहे, आणि हरकतीला पुरवणी जोडायची आहे. तू मला एवढं लिहून पाठव: पतंग किती वाजता निघाला, पंख ताठ व्हायला किती वेळ लागला, कुणी पाहिलं. खाली सही कर.

पंखांची कड थोडी झिजली आहे. डब्यात फडफडला असणार. पुढच्या वेळी डबा मोठा घे.

आबांना सांग, त्यांची सोंड आता कुणी हलवत नाही.

शरयूबाई


धनगरवाडा, २६ ऑक्टोबर २०२३

आदरणीय बाईंस नमस्कार.

निघताना मी पाहिला नाही. १३ तारखेला सकाळी शेळ्या सोडायच्या आधी डबा बघितला तर आत होता. घरात दुसऱ्या कुणी पाहिले नाही. सही करतो.

बाई, तुम्ही सगळे भिंगाखाली नीट बघितले असेलच. तुम्हाला बरोबर वाटले तरच लिहा. बाकी नंबरचे डबे अजून तसेच आहेत, त्यातून काही निघेपर्यंत थांबले तर चालणार नाही का?

आबा खुश आहेत. वाड्यावर सगळ्यांना सांगत हिंडतात.

विश्राम गेणबा मरगळे


पुणे, २९ नोव्हेंबर २०२३

चि. विश्राम,

थांबले असते तर सुनावणी थांबली नसती. तू फार विचार करतोस.

स्थगिती मिळाली! पुढचा अहवाल येईपर्यंत सोंडेवर कुदळ मारायची नाही. साहेबांनी माझ्या चौदा वर्षांच्या वह्या मागवून घेतल्या. प्लॉटिंगवाल्यांचा वकील म्हणाला, "एका किड्यासाठी?" मी म्हटलं, "किडा नव्हे, पतंग." सगळे हसले, साहेबही हसले.

लेख छापून आला, सोबत पाठवते. इंग्रजीत आहे. शेवटी आभारात 'कोळवण येथील स्थानिक मदतनीस' असं आहे ते तूच. संपादकाने जागा कमी दिली, त्यामुळे नावं गाळावी लागली. रागावू नकोस. तुझं काम मला माहीत आहे, तेवढं पुरे.

शरयूबाई


पुणे, ११ सप्टेंबर २०२४

विश्राम,

दहा महिन्यांत तुझं एक पत्र नाही. मी समजत होते, तू शेळ्यांमागे गुंतला असशील. आता कारण वेगळं असावं असं वाटतं.

वैभवी नावाची एक मुलगी आहे, माझ्याच एका विद्यार्थ्याच्या हाताखाली तयार झालेली. माझा लेख वाचून ती ताम्हिणीकडे गेली. कुंभ्यावरच्या हिरव्या, पिवळ्या ठिपक्यांच्या सहा अळ्या तिने धरल्या. सहा डबे, सहा नंबर. सहाच्या सहा डब्यांतून साधा तपकिरी पतंग निघाला. तो पावसाळ्यात प्रत्येक दिव्याखाली ढिगानं पडलेला असतो, झाडू मारून काढावा लागतो. तिच्याकडे पतंग निघतानाचे व्हिडिओ आहेत. पोरीने मला आधी फोन केला, चांगली आहे. पण तिचा लेख प्लॉटिंगवाल्यांच्या हाती लागला आहे आणि पुढच्या सुनावणीत ते तो ठेवणार आहेत.

मला एकच सांग. सात नंबरच्या डब्यातला पतंग सात नंबरच्या अळीचा होता का? हो किंवा नाही.

शरयू चांदोरकर


धनगरवाडा, १९ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

नाही.

सात नंबर कोषातच मेली. बाकीच्या सगळ्या आधीच मेल्या होत्या, काही मुंग्यांनी नेल्या, काही काळ्या पडल्या. मी तुम्हाला 'बाकीचे डबे तसेच आहेत' लिहिले तेही खोटे होते. तुम्ही थांबावे म्हणून लिहिले.

त्या आठवड्यात मी रिहे गावाकडे एका फार्महाऊसवर गवत काढायच्या कामाला होतो. पहाटे तिथल्या दिव्याखाली भिंतीवर तांबकोर बसला होता. बघितल्याबरोबर ओळखला. तुमचे पत्र खिशातच होते, कॅलेंडरपुढे उभी राहते असे लिहिलेले. मी पतंग धरून आणला, कोषाचे तोंड कात्रीने कापले आणि सात नंबरचा म्हणून पाठवला.

बाई, आमच्यात शेळीचे करडू मेले की तिचे दूध आटते, ती झुरते. मग मेलेल्या करडाचे कातडे सोलून दुसऱ्या पोरक्या करडाच्या पाठीवर बांधतात आणि तिच्यापुढे सोडतात. ती वास घेते आणि पाजते. शेळी पण जगते, करडू पण जगते. हे माझ्या हाताने मी कित्येक वेळा केले आहे. त्याला आमच्यात कुणी लबाडी म्हणत नाही. मी तुमच्या बाबतीत तेच केले. तुम्ही वही बंद करणार होता. सोंड पण राहील असे वाटले.

पण तुम्हाला फसवायचे पुरते धाडस झाले नाही. पंख दिव्यावर आपटून झिजले होते, ते तसेच ठेवले. कोषातला मेलेला जीव बाहेर काढला नाही, हलवला तर वाजेल असा ठेवला. मला वाटले, बाई भिंगाखाली बघतील, कोष हलवतील आणि माझा कान धरतील. मी रोज शिव्यांच्या पत्राची वाट बघत होतो. तुमचे पत्र आले त्यात तुम्ही रडला असे होते.

मी सुनावणीला येतो. माझे चुकले असे सगळ्यांसमोर सांगतो. पण बाकीच्या वह्या खऱ्या आहेत, हेही सांगतो. त्या झाडांखाली तुमच्याबरोबर मीच उभा होतो.

आपला,
विश्राम


पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

विश्राम,

सुनावणी झाली. तुला बोलावलं नाही, कारण माझ्या वकिलाचं मत पडलं की तू आलास तर प्रकरण आणखी बिघडेल. मी लेखी निवेदन दिलं. त्यात तुझं १९ सप्टेंबरचं पत्र जोडलं आहे. निवेदनात लिहिलं आहे की 'कोळवण धनगरवाडा येथील विश्राम गेणबा मरगळे या इसमाने माझी दिशाभूल केली आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.' हे वाचून तुला वाईट वाटेल. पण हे खरं आहे.

उपयोग काही झाला नाही. त्यांच्या वकिलाने विचारलं, "हाच इसम चौदा वर्षं तुमच्याबरोबर होता ना? मग वह्यांतल्या नोंदी कुणाच्या?" वह्या बाजूला ठेवल्या. हरकत फेटाळली. वैभवी बाहेर भेटली, पाया पडली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीचं उत्तर देणं राहिलं. पंख झिजलेले मी पहिल्याच दिवशी पाहिले. कोष कानाशी धरून हलवला, तो वाजला. मी पुन्हा हलवला नाही. पाकिटात घातला आणि लेख लिहायला बसले. तुला पत्रात 'डब्यात फडफडला असणार' असं लिहिलं, ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

हे निवेदनात नाही. घालायला हवं होतं. पण माणसाकडे शेवटी नावाशिवाय काय उरतं? तुझ्या नावाला कुणी ओळखत नाही, म्हणून ते पुढे केलं. असं लिहिताना मला माझी किळस येते, तरी मी ते परत घेणार नाही. हे पत्र तू कुणाला दाखवणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

शरयू


धनगरवाडा, ५ ऑक्टोबर २०२५

बाई,

तुमचे पत्र येऊन वर्ष होत आले. कुणाला दाखवले नाही.

तुमच्या निवेदनाची झेरॉक्स प्लॉटिंगवाल्यांनी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली होती. ती वैष्णवीने, माझ्या थोरल्या पोरीने, मोठ्याने वाचली. तिला वाटले बापाचे नाव छापून आले म्हणजे काहीतरी चांगले असेल. लेखात मी 'स्थानिक मदतनीस' होतो. बोर्डावर मात्र बापाच्या नावासकट होतो. आबा वाड्यावर सांगत हिंडले होते की सोंड आमच्या विश्रामने राखली. आता लोक त्यांना म्हणतात, "गेनबा, तुजाच पोरगा खोटा बोलला म्हनून सोंड ग्येली." आबांनी एकदाच मला विचारले, "बाईला ठावं न्हवतं?" मी म्हणालो, न्हवतं.

एवढे मी तुमच्यासाठी केले. पुढे काही करणार नाही.

जानेवारीत मशिनी आल्या. कुंभे एका आठवड्यात आडवे झाले. आता सोंडेला तीन रस्ते आहेत आणि वरपर्यंत खांब. शेळ्या निम्म्याच ठेवल्या आहेत, त्या दावणीला. मी खाली गेटवर बसतो, गाड्यांचे नंबर लिहितो.

ऑगस्टमध्ये शेळ्यांसाठी पाला आणायला गेलो होतो. एक फांदी तोडली, तिच्यावर दोन अळ्या होत्या. अशी अळी मी जन्मात पाहिली नव्हती. तुम्हीही पाहिलेली नाही, तुम्ही त्या झाडाकडे कधी बघितलेच नाही. घरी आणल्या, दोन डबे केले. का केले ते सांगता येत नाही, हाताला सवय होती. एक मेली. दुसरीचा कोष झाला.

गेल्या मंगळवारी सकाळी तो फुटला. मी, रेश्मा आणि आबा, तिघांनी बघितले. ओला होता, तुम्ही लिहिल्यासारखा, फडक्यासारखा. तासाभरात पंख ताठ झाले. राखाडी, मागच्या पंखावर तांब्याची कोर, एक कणही झडलेला नव्हता. रेश्मा म्हणाली, "बाईस्नी कळवा. कायबी झालं तरी त्यांनी ह्याच्यापायी जीव टाकला."

संध्याकाळपर्यंत तो भिंतीवर बसून होता. मग मी दार उघडले. पतंग नाही, कोष नाही, फोटो काढलेला नाही. आता मी सांगितले तर कुणी खरे मानणार नाही, आणि तुम्ही सांगितले तरी मानणार नाही. तुम्ही एकट्याच मानाल, कारण मी तुमच्याशी कधी खोटे बोललो आणि कधी नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत आले आहे.

ते झाड अजून उभे आहे. सोंडेवर नाही, दुसरीकडे. अळीचा रंग काय, ती पानाच्या वर बसते की खाली, पाला कुठला खाते, सगळे मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगणार नाही.

विश्राम